साक्षीच्या वेळी जे उठत नाहीत त्यांच्याविषयी

आमच्या चर्चचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, 'प्रार्थना विनंती' नावाचा, आणि तो पहाटे साडेपाचपासून वाजायला लागतो. कुणाच्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी, कुणाच्या मुलीचा बारावीचा निकाल, कुणाला डेंग्यू होऊन प्लेटलेट्स पडल्यात, कुणाचा दुबईचा व्हिसा अडकलाय, कुणी म्हाडाच्या लॉटरीचा फॉर्म भरलाय, कुणाची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि बिल्डरने भाडं थांबवलंय. खाली आमेन, आमेन, आमेन, हात जोडलेले इमोजी, आणि मधेच कुणीतरी चुकून टाकलेला गुड मॉर्निंगचा गुलाब. मी चेष्टा करत नाहीये हां. मी पण आमेन टाकते आणि बहुतेक वेळा खरोखर डोळे मिटून दोन वाक्यं बोलूनच टाकते, भायखळ्याला गाडी येईपर्यंत तेवढा वेळ मिळतो.

काम झालं की लगेच मेसेज येतो, 'प्रभूची स्तुती असो, रिपोर्ट नॉर्मल आला'. काम नाही झालं की काहीच येत नाही. लॉटरी न लागलेला माणूस कधी लिहीत नाही की बाबांनो, लागली नाही. पेशंट गेला तर दुसऱ्याच कुणीतरी फोटो टाकतं, शिवडीच्या दफनभूमीत किती वाजता नेणार ते लिहितं, 'प्रभूने आपल्या लेकराला घरी नेलं' असं लिहितं, आणि कालपर्यंत त्याच माणसाच्या बरं होण्यासाठी जे शंभर आमेन पडले होते त्यांचं काय झालं हे कुणी विचारत नाही, कारण तोवर खाली नवीन विनंती आलेली असते.

रविवारी उपासनेत साक्षीची वेळ असते तिथेही हेच. जे आमच्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, साक्ष म्हणजे उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. मला साक्षी आवडतात, लहानपणापासून. आमच्या मराठी चर्चमध्ये साक्ष देताना बायका पदर सारखा करतात, घसा खाकरतात आणि मग सुनेच्या बाळंतपणापासून सुरुवात करून थेट गॅस सिलिंडरपर्यंत जातात, आणि त्यात एक खरेपणा असतो जो प्रवचनात दरवेळी असतोच असं नाही. पण इतक्या वर्षांत कुणी उभं राहून 'मी मागितलं आणि मिळालं नाही' अशी साक्ष दिलेली मी ऐकलेली नाही. न मिळालेले त्याच बाकांवर बसलेले असतात, आणि पुढच्या माणसाच्या साक्षीला आमेनही म्हणत असतात.

यावर आपल्याकडे एक तयार उत्तर आहे, संडेस्कूलपासून शिकवतात. देव तीन प्रकारे उत्तर देतो, हो, नाही आणि थांब. ऐकायला छान आहे. पण जरा विचार करा, ह्या तीनमध्ये न बसणारी एक तरी गोष्ट जगात घडू शकते का? बरा झाला तर हो, मेला तर नाही, तसाच अंथरुणावर पडून राहिला तर थांब. काहीही घडलं तरी जे लागू पडतं त्याला उत्तर कसं म्हणायचं. आणि जिच्या घरात मयत झालंय तिला हे सांगून आपण नक्की काय देतो, एक फॉर्म देतो ज्यावर तिने 'नाही'च्या समोर टिक करायची? मला कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही, पण हे उत्तर मला नेहमी वाटतं की देवाला वाचवायला काढलंय, आणि त्याला आपण वाचवायची काही गरज नाही.

आणि ती वचनाची कार्डं. 31 डिसेंबरच्या रात्री वॉच नाईटची उपासना झाली की टोपलीतून एकेक कार्ड उचलायचं, ते तुमचं वर्षाचं वचन. मी आजही उचलते. त्यात पवित्र शास्त्रातलं यिर्मया 29:11 हमखास असतं, माझे संकल्प तुमच्या हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. आमच्याकडे ते फ्रीजवर आहे, शोकेसमध्ये आहे, भाच्याच्या मोबाईलच्या कव्हरवर पण आहे. पण त्याच्या आधीची ओळ कार्डावर नसते. हे शब्द बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, कैदी म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहेत, आणि दहाव्या ओळीत देव स्पष्ट सांगतो की बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! म्हणजे ते पत्र ज्यांनी हातात धरलं त्यातले बहुतेक तिथेच मरणार होते, आणि त्यांना सांगितलंय काय तर घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला पकडून नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे पूर्ण वाचलं तर ते वचन मला लहान नाही, उलट मोठं वाटतं. पण व्हिसासाठी वापरता येत नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते लिहिते.

एप्रिल 2021 मध्ये माझा धाकटा भाऊ कोविडने गेला. तेव्हाची मुंबई तुम्हाला आठवत असेल, वॉर्डच्या वॉर रूमला फोन लावत राहायचं, ऑक्सिजनचा बेड, रेमडेसिव्हिर, दहा जणांना दहा मेसेज. चर्च बंद होती म्हणून रोज रात्री नऊ वाजता झूमवर प्रार्थना व्हायची. त्या दिवसांत आमच्याच चर्चमधले आणखी एक गृहस्थ तशाच अवस्थेत होते, वय साधारण तेच, दोघांचीही नावं एकाच वाक्यात एकाच दमात घेतली जायची. तीच माणसं, तीच प्रार्थना, तोच देव. ते घरी आले. माझा भाऊ नाही आला.

चर्च परत उघडल्यावर त्या गृहस्थांनी साक्ष दिली. देवाने तुमच्या प्रार्थना ऐकल्या म्हणाले, रडले, अख्खं चर्च रडलं. त्यांनी दुसरं काय बोलावं? मी त्यांच्या जागी असते तर हेच बोलले असते. पण आमची भावजय त्यांच्या दोन बाक मागे बसली होती, आणि 'तुमच्या प्रार्थना ऐकल्या' ह्या वाक्याचा जो दुसरा अर्थ निघतो तो ती एकटी ऐकत होती. तसं म्हणजे मी पण ऐकत होते.

तेव्हा मला पवित्र शास्त्रातल्या प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाचा बारावा अध्याय सापडला. सापडला म्हणजे काय, शंभर वेळा ऐकलेला होता, येशूचा शिष्य पेत्र याची तुरुंगातून सुटका, संडेस्कूलचं नाटकसुद्धा करतो आपण, पोरं पुठ्ठ्याच्या साखळ्या घालतात. पण त्या अध्यायाची सुरुवात कुणी नाटकात घेत नाही. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं, एवढंच, एका ओळीत. येशूच्या सगळ्यात जवळच्या तिघांपैकी एक माणूस, आणि त्याच्यासाठी एक ओळ. मग हेरोद पेत्राला धरतो, मंडळी कळकळीने प्रार्थना करते, देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी फाटक आपोआप उघडतं. याकोबासाठी मंडळीने प्रार्थना केली नसेल असं मला कुणी सांगू नये. आणि मला नेहमी हा प्रश्न पडतो की पेत्रासाठी जे लोक रात्री मार्काची आई मरीया हिच्या घरी जमले होते त्यांच्यात योहान होता का? पवित्र शास्त्र सांगत नाही. पण असला तर? भावाला पुरून आठवडे झाले असतील नसतील, आणि हा दुसऱ्याच्या सुटकेसाठी गुडघ्यावर. आणि मग दारावर थाप, आणि पेत्र सुटला म्हणून आनंदीआनंद. योहानाने तेव्हा काय केलं असेल, आमेन म्हटला असेल का.

हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात शेजारी शेजारी ठेवल्या आणि का ते सांगितलं नाही. एक वाचला, एक गेला, का, ह्यावर एक अक्षर नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण लूकला कारण जोडता आलं असतं, सगळ्या प्रवचनकारांना येतं.

आणि त्याच अध्यायात अजून एक गंमत आहे. पेत्र दारावर उभा, दासी आनंदाने आत धावत येऊन सांगते पेत्र आलाय, तर प्रार्थना करणारे तिला काय म्हणतात? तू वेडी आहेस. ज्याच्यासाठी रात्रभर मागत होते तो दारात उभा आणि यांचा विश्वासच नाही! तरी तो सुटलेला होताच. म्हणजे विश्वास कमी होता म्हणून उत्तर मिळालं नाही, हा जो सिद्धांत आपल्याकडे बाहेरून येणारे वक्ते इतक्या सहज मांडतात, तो ह्या एका दासीपुढे टिकत नाही.

हे मी रागाने लिहितेय कारण एका संजीवन सभेत (विश्वास नव्याने जागवायला भरवतात ती सभा), चर्चचं नाव घेत नाही, अशाच एका वक्त्याने स्टेजवरून सांगितलं की ज्या घरांमध्ये कोविडने माणसं गेली तिथे कुठेतरी संशयाला जागा दिली गेली होती, किंवा कबूल न केलेलं पाप होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी भावजय होती. माझा भाऊ साधा माणूस होता, रेल्वेत होता, त्याचं कबूल न केलेलं पाप म्हणजे डायबेटिस असताना ऑफिसात जिलेबी खायचा. पवित्र शास्त्रात, काही चूक नसताना सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र हेच बोलत होते ना? आणि शेवटी देव कुणावर भडकला, ईयोबावर नाही, त्या मित्रांवर भडकला, की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत.

आणि ज्याच्यात संशयही नव्हता आणि पापही नव्हतं त्या येशूची प्रार्थना गेथशेमाने बागेत नाकारली गेली हे आपण दर गुड फ्रायडेला वाचतो. हा प्याला टळून जावो, असं तो तीनदा मागतो. टळला नाही. प्रेषित पौल शरीरातल्या काट्यासाठी तीनदा मागतो, काटा राहतो आणि सांगण्यात काय येतं तर माझी कृपा तुला पुरे आहे. आता ह्या दोघांपैकी कुणाचा विश्वास कमी पडला म्हणायचं?

आमच्या ऑफिसात एक मित्र आहे, चांगला वाचणारा आहे, देव वगैरे मानत नाही, जेवणाच्या सुट्टीत आमचं चालू असतं. त्याने मला एका अभ्यासाविषयी सांगितलं, मी मग स्वतः पण शोधून वाचलं. 2006 साली अमेरिकेत छापून आलेला, बायपास झालेले 1802 पेशंट, सहा हॉस्पिटलं. काहींसाठी ख्रिस्ती गटांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, आणि कुणासाठी होतेय ते पेशंटला माहीत नाही. तिसऱ्या गटाला मात्र सांगून ठेवलं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे. पहिल्या दोन गटांत फरक नाही, ऑपरेशननंतर त्रास झालेले 52 टक्के आणि 51 टक्के. आणि ज्यांना माहीत होतं त्यांच्यात उलट 59 टक्के. तो एक योगायोगही असेल. पण मला ती गोष्ट वाचून हसू आलं आणि थोडी कणवही आली, बिचारे पेशंट बेडवर पडून म्हणत असतील की एवढी प्रार्थना लागतेय म्हणजे माझी केस किती सिरियस असेल!

मित्र म्हणाला, आता बोला. मी म्हटलं, देव काही औषधाची गोळी नाही की अर्ध्यांना खरी द्यायची आणि अर्ध्यांना साखरेची, 'तुझा देव परमेश्वर ह्याची परीक्षा पाहू नको' हे येशूने अरण्यात सैतानालाच सुनावलंय. हे माझं उत्तर आजही आहे. पण त्याच्या पुढची बाजू आपल्याला गिळावी लागते ती आपण गिळत नाही. आकडेवारी मानायची नाही तर मग दोन्हीकडे मानायची नाही. सभेच्या पोस्टरवर 'डॉक्टरांनी सोडलेल्या केसेस बऱ्या झाल्या' असं छापायचं, म्हणजे तिथे मोजायचं, आणि कुणी नीट मोजायला आलं की म्हणायचं देवाला मोजता येत नाही. असं चालणार नाही. बरे झालेले मोजायचे असतील तर शिवडीत नेलेले पण मोजा.

ह्या बाबतीत मला माहीमच्या कॅथलिक चर्चचं कौतुक वाटतं. मी प्रोटेस्टंट घरातली, नगरकडची, आमच्याकडे नोव्हेना (ओळीने नऊ वेळा करायची प्रार्थना), मेणबत्त्या, नवस हे सगळं 'आपलं नाही' ह्या खात्यात. (नवस नाही म्हणतो आणि 'प्रभू, ह्याला नोकरी लागू दे, पहिला पगार मिशनला देईन' हे म्हणतो. पवित्र शास्त्रातल्या हन्नानेही मुलासाठी नवसच केला होता, शमुवेल तसाच झाला.) पण दर बुधवारी माहीमला सेंट मायकल चर्चमध्ये जा एकदा. 1948 पासून तिथे बुधवारची नोव्हेना चालू आहे, वेगवेगळ्या भाषांत, मराठीतही. स्टेशनपासून माणसांची रांग, त्यातले किती ख्रिस्ती आणि किती नाहीत कुणी विचारत नाही, आमच्या मजल्यावरच्या वहिनी हळदीकुंकू पण करतात आणि नऊ बुधवार पण करतात. बाहेर मेणाच्या वस्तू विकायला, हात, पाय, घर, तान्हं बाळ. बांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेत पण तसंच. लोक चिठ्ठ्या लिहून टाकतात, मागणीच्या पण आणि आभाराच्या पण. आमचे जुने लोक ह्याला नाक मुरडायचे. मला त्यात आवडतं ते हे की दुखणं हातात धरून आणलेलं असतं, पाय दुखतोय तर मेणाचा पाय, सगळ्यांना दिसतो. आणि परत पुढच्या बुधवारी तोच माणूस तोच पाय घेऊन आला तर त्यालाही जागा असते. आमच्याकडे बसलेल्या माणसाचं काय दुखतंय ते दिसतच नाही, सगळे इस्त्रीच्या कपड्यात.

शिकलेल्या ख्रिस्ती लोकांचं आणखी एक आवडतं वाक्य आहे. प्रार्थनेने परिस्थिती बदलत नाही, आपण बदलतो. चांगलं आहे, सेफ आहे, ऑफिसातल्या मित्रालाही पटतं. मला नाही पटत. आमची रोजची भाकर आज आम्हाला दे असं शिकवलंय, भाकरीशिवाय राहायची मनःस्थिती दे असं नाही शिकवलं. यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय ओरडत होता, येशूने त्याला विचारलं मी तुझ्यासाठी काय करावं, तर तो म्हणाला मला दिसू दे. मला अंधत्व स्वीकारायचं बळ दे, असं म्हणाला असता तर मला वाटतं येशूलाच वाईट वाटलं असतं. मागायचं तर खरं मागायचं. त्यात न मिळण्याचा धोका आहे, तो घ्यायचा.

माझी आजी केडगावला, मुक्ती मिशनात वाढलेली. पंडिता रमाबाईंची गोष्ट आमच्याकडे रामायणासारखी चालायची. पण ती गोष्टसुद्धा आम्ही निवडून सांगतो. दुष्काळातल्या शेकडो मुली आणल्या आणि प्रार्थनेवर मिशन चाललं, 1905 चं संजीवन, अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर, हे सगळं येतं. 1874 च्या सुमाराला, सोळाव्या वर्षी, आईबाप आणि बहीण उपासमारीने डोळ्यांदेखत गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, हेही येतं कारण ते ख्रिस्ती होण्याआधीचं आहे, साक्षीत शोभतं. पण एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हातात सगळं काम द्यायचं होतं, ती 1921 मध्ये आईच्या आधी गेली आणि रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत, एप्रिल 1922 मध्ये गेल्या. एवढी प्रार्थना करणारी बाई, तिने मुलीसाठी काय काय मागितलं असेल. हा भाग साक्षीत कुठे बसवायचा ते आम्हाला कळत नाही म्हणून आम्ही तो पटकन सांगून पुढे जातो. आजी मात्र नाही जायची. ती म्हणायची, बाईंनी त्या वर्षीसुद्धा भाषांतराचं काम सोडलं नव्हतं, आणि मग भाजी निवडत बसायची, अर्थ वगैरे सांगायची नाही.

मला विचाराल तर तुला स्वतःला उत्तर मिळालं का, तर त्या एप्रिलमध्ये मला प्रार्थना करता येत नव्हती. शब्दच येत नव्हते, झूमवर कॅमेरा बंद करून बसायचे. रात्री स्तोत्रं उघडायचे आणि 'परमेश्वर माझा मेंढपाळ' वाचवायचं नाही. वाचता आलं ते 88 वं. ते कुठल्याच वचनकार्डावर नसतं, कारण ते शेवटपर्यंत वर येतच नाही. बाकीची बहुतेक रडकी स्तोत्रं निदान शेवटी 'तरी मी तुझी स्तुती करीन' वर येतात, हे अंधारातच संपतं. तक्रार, तक्रार, तक्रार, आणि शेवट. पण ती सगळी तक्रार त्याच्याच तोंडावर केलेली आहे, आणि कुणीतरी ती पवित्र शास्त्रात ठेवली, गाळली नाही. मला भाऊ परत मिळाला नाही. पण त्या रात्री मी भिंतीशी बोलतेय असं मला वाटलं नाही, आणि हा फरक मी ऑफिसातल्या मित्राला पटवून देऊ शकत नाही आणि त्या वक्त्यालाही नाही. दोघांनाही तो पुरेसा वाटणार नाही.

हे सगळं डोक्यात होतं म्हणून मी आमच्या पाळकसाहेबांना जाऊन म्हटलं, महिन्यातून एका रविवारी साक्षीची वेळ न मिळालेल्यांना द्या. ज्यांनी मागितलं आणि झालं नाही त्यांनी उभं राहावं, दोन मिनिटं बोलावं, शेवटी विजय वगैरे काही नको. साहेब चांगले आहेत, ऐकून घेतलं, म्हणाले कोण उठेल? मी भावजयीचं नाव घेतलं, तिला न विचारता, कारण मला वाटलं तिला हे सगळ्यात जास्त हवं असेल.

तिला सांगितलं तर ती म्हणाली, ताई, मला नाही उभं राहायचं. मला काही सांगायचंच नाही कुणाला. मला बसू दे फक्त, आणि बसलेली असताना कुणी समजवायला येऊ नये, एवढंच करा. मग म्हणाली, आणि ते कोविडवाले काका आहेत ना, त्यांना साक्ष द्यायची थांबवू नका, ते दर महिन्याला येतात, पोराच्या क्लासची फी भरून जातात, बोलत काही नाहीत, चहा पितात आणि जातात. हे मला माहीत नव्हतं. चर्चमध्येही कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यांच्या साक्षीतही ते कधी आलेलं नाही.

तर माझी रविवारची आयडिया बारगळली. परत पाळकसाहेबांकडे गेले आणि म्हटलं ते राहू द्या, पण बाहेरून वक्ता बोलावला की त्याला आधीच सांगायचं, इथे मयत झालेली घरं बसलेली आहेत, कारणं द्यायची नाहीत, आणि ग्रुपवर विनंती टाकणाऱ्याला पंधरा दिवसांनी कुणीतरी फोन करायचा, काय झालं म्हणून, झालं असो नसो. साहेब म्हणाले फोनचं महिला मंडळाने लगेच सुरू करा, वक्त्याचं मात्र लेखी द्या, कमिटीपुढे ठेवावं लागेल. लेखी दिलंय. फोनच्या यादीतली पहिली पाच नावं माझ्याकडे आहेत, त्यातलं एक म्हाडावालं.